ऑनलाइन स्लॉट गेम ‘चांगला’ आहे का? सोन्याच्या हंड्याच्या खेळाची डॉक्टरांनी केलेली तपासणी

“पैसे थोडेच लावतो जी डॉक्टर. हा गेम चांगला आहे की फसवा, एवढं फक्त सांगा.” मानसोपचार ओपीडीत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. कधी पेशंट स्वतः विचारतो, कधी त्याची पत्नी किंवा वडील मोबाइल पुढे करून विचारतात. पडद्यावर बहुतेक वेळा हिरवागार रंग असतो, चार पाकळ्यांचे पान, इंद्रधनुष्य, हिरव्या टोपीचा दाढीवाला बुटका आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेला हंडा असतो. हा आयर्लंडच्या लोककथांवर बेतलेला स्लॉट गेम. जगभर या धर्तीचे शेकडो गेम आहेत आणि यवतमाळ, वणी, पुसदपासून पांढरकवड्याच्या आतल्या गावांपर्यंत ते मोबाइलवर पोहोचले आहेत.

इंटरनेटवर अशा गेमची ‘परीक्षणे’ भरपूर मिळतात. ग्राफिक्स किती छान, बोनस किती, परतावा किती टक्के, याला तारे दिलेले असतात. त्या परीक्षणात एक रकाना नसतो: हा खेळ खेळणाऱ्याच्या मेंदूवर, झोपेवर आणि घरावर काय परिणाम करतो. या लेखात तोच रकाना भरू.

हा गेम नेमका काय आहे?

स्लॉट गेममध्ये पडद्यावर तीन किंवा पाच उभे पट्टे असतात. त्यांना रील म्हणतात. रक्कम लावून बटण दाबले की रील फिरतात आणि थांबतात. ठरावीक चित्रे एका ओळीत आली तर पैसे मिळतात, नाही तर लावलेली रक्कम जाते.

समजून घेण्याची पहिली गोष्ट म्हणजे रील फिरताना दिसतात ती केवळ सजावट आहे. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी संगणकातील यादृच्छिक आकडे तयार करणारी प्रणाली निकाल ठरवून मोकळी होते. मग तो निकाल दाखवण्यासाठी रील फिरवले जातात. त्यामुळे ‘योग्य वेळी थांबवले तर लागते’, ‘रात्री बारानंतर लागते’, ‘बराच वेळ लागले नाही म्हणजे आता लागणारच’ या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. प्रत्येक स्पिन स्वतंत्र असतो. मागच्या शंभर स्पिनमध्ये काय झाले, याची पुढच्या स्पिनला काहीही माहिती नसते.

आयरिश सजावट कशासाठी?

आयर्लंडच्या लोककथांत लेप्रकॉन नावाचा एक बुटका चांभार आहे. त्याने सोने लपवून ठेवलेले असते. ते सोने इंद्रधनुष्याच्या टोकाशी असते, असेही सांगतात. चार पाकळ्यांचे पान क्वचित सापडते, म्हणून ते नशिबाचे मानतात. गेम बनवणाऱ्यांनी यातले नशीब आणि सोने तेवढे उचलले.

मूळ कथेचा शेवट मात्र ते दाखवत नाहीत. त्या कथेत एक माणूस लेप्रकॉनला पकडतो आणि सोने कुठे आहे ते विचारतो. बुटका त्याला मोठ्या रानातले एक झुडूप दाखवतो. खोदायला फावडे हवे, म्हणून तो माणूस त्या झुडपाला खुणेची लाल पट्टी बांधतो, ती सोडणार नाही असे वचन बुटक्याकडून घेतो आणि घरी पळतो. परत येऊन पाहतो तर रानातल्या प्रत्येक झुडपाला तशीच लाल पट्टी बांधलेली! बुटक्याने वचन मोडलेले नसते, आणि सोनेही मिळत नाही. इंद्रधनुष्याचेही तसेच आहे. ते पाहणाऱ्याच्या नजरेच्या कोनातून दिसते. आपण पुढे सरकलो की तेही सरकते, त्याच्या टोकाशी पोहोचता येत नाही.

सजावट बदलून तिथे लक्ष्मी, वाघ किंवा फळे ठेवली तरी आतले गणित तेच राहते. कार्टूनसारख्या चित्रांमुळे ‘हा जुगार नाही, लहान मुलांचा खेळ आहे’ असा समज होतो, हा सजावटीचा खरा परिणाम. घरातल्या मुलांच्या हाती तोच मोबाइल असेल तर ही बाब अधिक गंभीर आहे.

‘९५ टक्के परत मिळतात’ म्हणजे काय?

गेमच्या माहितीत ‘आरटीपी’ नावाचा आकडा असतो, बहुतेक वेळा ९४ ते ९७ टक्क्यांच्या दरम्यान. अनेकांना वाटते, शंभर रुपये लावले तर पंच्याण्णव हमखास परत येतील. तसे नाही. लाखो स्पिनची सरासरी काढली तर लावलेल्या रकमेपैकी एवढा भाग सगळ्या खेळाडूंना मिळून परत जातो, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या एका संध्याकाळबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

साधा हिशोब करू.

• दर स्पिनला १० रुपये आणि मिनिटाला १० स्पिन धरले तर तासाला ६०० स्पिन होतात. म्हणजे तासाभरात ६,००० रुपये लावले जातात.
• आरटीपी ९५ टक्के असेल तर सरासरी ५ टक्के, म्हणजे तासाला ३०० रुपये जातात. दिवसभर कापूस वेचून मिळणाऱ्या मजुरीशी हा आकडा ताडून पाहा.
• खिशात १,००० रुपये असतील तर ‘मी फक्त हजारच लावले’ असे वाटते. प्रत्यक्षात जिंकलेले पैसे पुन्हापुन्हा लावले जातात आणि प्रत्येक फेरीत ५ टक्क्यांची कात्री लागते. खिसा रिकामा होईपर्यंत खेळले तर सरासरी २,००० स्पिन, म्हणजे सव्वातीन तासांच्या आसपास वेळ लागतो. ही सरासरी काही मोजक्या नशीबवान खेळाडूंमुळे वर गेलेली असते. बहुतेकांचे पैसे त्याआधीच संपतात.

बोनसचाही हिशोब पाहा. ‘१,००० रुपये बोनस मोफत’ असे लिहिलेले असते. खाली बारीक अक्षरात अट असते, की तो काढण्यासाठी बोनसच्या ३५ पट रक्कम खेळावी लागेल. म्हणजे ३५,००० रुपयांचे स्पिन. त्यावर ५ टक्क्यांनी सरासरी तोटा १,७५० रुपयांचा. हजाराच्या ‘मोफत’ बोनससाठी सरासरी त्याहून जास्त रक्कम जाते.

हे सगळे गणित प्रामाणिक गेमचे आहे, म्हणजे ज्याची सरकारी परवान्याखाली तपासणी होते अशा गेमचे. आपल्याकडे टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवरच्या लिंकमधून, एपीके फाइल टाकून येणाऱ्या गेमवर कोणाचीही तपासणी नसते. तिथे आरटीपीचा आकडा चालवणाऱ्याने लिहिलेला असतो आणि तोच हवा तसा बदलू शकतो. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन बेटिंग अॅपमध्ये सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली. अॅपमध्येच फेरफार करून आपल्याला हरवले गेले, असा त्याचा आरोप होता आणि पोलिसांच्या तपासाचे धागे गोंदियापर्यंत गेले. व्यवहार समजणारा, हिशोबाची सवय असलेला माणूसही यात अडकतो, हे या प्रकरणातून लक्षात घ्यावे.

गेमची रचना मेंदूवर कसे काम करते?

जुगाराच्या व्यसनात दारूसारखा कोणताही पदार्थ शरीरात जात नाही. तरीही मेंदूतील बक्षिसाची यंत्रणा, ज्यात डोपामिन हे रसायन महत्त्वाचे आहे, त्याच पद्धतीने ओढली जाते. बक्षीस प्रत्येक वेळी मिळाले तर मेंदूला त्याची सवय होऊन कंटाळा येतो. ते कधी मिळेल याचा नेम नसेल तर ओढ सर्वांत चिवट होते. स्लॉट गेम याच तत्त्वावर उभा आहे. त्याचे भाग वेगवेगळे करून पाहू.

१. ‘थोडक्यात हुकले’: दोन हंडे जुळले, तिसरा एका घराने वर राहिला. हिशोबात ही पूर्ण हार आहे. पण २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी मेंदूचे स्कॅन करून दाखवले की अशा ‘हुकलेल्या’ डावात जिंकण्याशी संबंधित मेंदूचे भाग जागे होतात आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते.

२. जिंकल्यासारखी दिसणारी हार: २० रुपये लावले, ६ रुपये मिळाले. गेले १४. पण पडद्यावर नाणी उडतात, संगीत वाजते. कॅनडातील अभ्यासात अशा डावांना शरीराचा प्रतिसाद खऱ्या जिंकण्यासारखाच आढळला. खेळणाऱ्याला म्हणूनच आठवते, ‘बऱ्याचदा लागत होते’, आणि खाते मात्र रिकामे असते.

३. वेग: लॉटरीचा निकाल दिवसाने येतो, स्लॉटचा दोन-तीन सेकंदांत. विचार करायला मध्ये जागाच राहत नाही. जुगाराच्या प्रकारांत स्लॉट सर्वाधिक व्यसन लावणाऱ्यांपैकी मानला जातो, याचे हे मुख्य कारण.

४. ऑटोप्ले: एकदा बटण दाबले की गेम आपोआप पन्नास-शंभर स्पिन खेळत राहतो. माणूस फक्त पाहतो, पैसे जात राहतात.

५. थांबवा बटण: यामुळे निकाल आपल्या हातात आहे असे वाटते. निकाल आधीच ठरलेला असतो.

६. डेमो: खोट्या पैशांनी खेळता येणारा मोफत खेळ. त्यात सवय लागते आणि भीती मोडते.

ही केवळ डॉक्टरांची शंका नाही. ब्रिटनमध्ये असे गेम कायदेशीर आहेत. तिथल्या नियामकाने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटमधील ऑटोप्ले बंद केले, दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले आणि हार असताना जिंकल्यासारखे आवाज-चित्रे दाखवण्यास मनाई केली. २०२५ मध्ये एका स्पिनची कमाल रक्कमही ५ पौंडांवर, तर १८ ते २४ वयोगटासाठी २ पौंडांवर आणली. खुद्द आयर्लंडने २०२४ मध्ये जुगाराच्या नियंत्रणासाठी नवा कायदा केला. तिथे काढून टाकावी लागलेली वैशिष्ट्ये आपल्याकडच्या बेकायदा अॅपमध्ये मात्र ‘खास आकर्षण’ म्हणून दिसू शकतात.

तपासणीचा निष्कर्ष असा: गेम ‘चांगला’ की ‘वाईट’ हा प्रश्नच फसवा आहे. उत्तम ग्राफिक्सचा, प्रामाणिक आरटीपीचा गेमही खेळणाऱ्याला जास्त वेळ गुंतवण्यासाठी बनवलेला असतो, आणि जितका जास्त वेळ तितका तोटा निश्चित.

सवय कधी आजार होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, जुगाराचा विकार हा व्यसनाच्या वर्तनामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे तो चारित्र्याचा दोष नाही आणि केवळ ‘वाया गेला’ म्हणून सोडून देण्याची गोष्टही नाही. खालील प्रश्न स्वतःला किंवा शांतपणे घरातल्या माणसाला विचारा. काळ गेल्या १२ महिन्यांचा धरा.

१. पूर्वीइतकीच मजा येण्यासाठी आता जास्त रक्कम लावावी लागते का?
२. खेळ कमी केला किंवा बंद केला की चिडचिड, बेचैनी होते का?
३. थांबवण्याचे, कमी करण्याचे प्रयत्न वारंवार फसले आहेत का?
४. डोक्यात सतत तेच विचार असतात का, आधीचे डाव, पुढचे पैसे कुठून आणायचे?
५. उदास, काळजीत, अपराधी वाटत असताना खेळायला बसता का?
६. हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळता का?
७. किती खेळतो, किती गेले, हे घरच्यांपासून लपवता का?
८. यामुळे नाते, नोकरी किंवा शिक्षण धोक्यात आले आहे का?
९. हरल्यामुळे झालेली पैशांची अडचण सोडवण्यासाठी इतरांकडे मागावे लागते का?

चार किंवा अधिक उत्तरे ‘हो’ असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे. एक-दोन ‘हो’ असतील तर ती सुरुवात असू शकते आणि याच टप्प्यावर थांबणे सर्वांत सोपे असते. सहावा प्रश्न विशेष महत्त्वाचा. ‘गेलेले काढायचे आणि मग सोडायचे’ हा विचार सुरू झाला की नुकसान वेगाने वाढते.

धोका कोणाला जास्त?

तरुण पुरुष, दारू किंवा अन्य व्यसन असलेले, नैराश्य, चिंता किंवा अतिचंचलतेचा विकार असलेले आणि घरात जुगाराचा इतिहास असलेले लोक लवकर अडकतात. दोन गोष्टी कुटुंबीयांना सहसा माहीत नसतात:

• बायपोलर आजारात मन अति उत्साही अवस्थेत असताना माणूस अचानक बेफाम पैसे उडवतो. झोप कमी, बोलणे जास्त आणि खर्च बेसुमार असेल तर मूळ आजार तो असू शकतो.
• कंपवातासाठी दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे आणि मानसिक आजारात वापरले जाणारे अॅरिपिप्रॅझोल यांमुळे काही रुग्णांत जुगाराची अनावर इच्छा निर्माण होते. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर असे दिसले तर डॉक्टरांना लगेच सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका.

आपल्या जिल्ह्यात काय वेगळे आहे?

आकड्यांचा जुगार आणि कापूस यांचे नाते जुने आहे. मुंबईचा मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या सुरुवातीच्या आणि बंदच्या भावांवर पैसे लावण्यातून. पण मटक्याला निकालाची वेळ होती, चिठ्ठी घेणारा माणूस होता, गावात कोणीतरी पाहत होते. मोबाइलवरच्या स्लॉटला वेळ नाही, साक्षीदार नाही. पांघरुणाखाली, शेतातल्या मचाणावर, जिनिंगबाहेर गाडीच्या रांगेत उभे असतानाही तो चालतो.

दुसरे म्हणजे, कापूस उत्पादकाच्या घरात पैसा दर महिन्याला येत नाही. दिवाळीच्या पुढे-मागे वेचणी सुरू होते आणि कापसाचे चुकारे खात्यात एकदम जमा होतात. त्यातून सोसायटीचे पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, मुलीचे शिक्षण, पुढच्या हंगामाचे बियाणे असे सगळे भागवायचे असते. वर्षाची रक्कम एका खात्यात, खाते मोबाइलवर आणि मोबाइलवरच गेम, अशी ही साखळी. एका रात्रीत गेलेली रक्कम ही इथे महिन्याची नव्हे, वर्षाची असते.

तिसरे आणि सर्वांत गंभीर म्हणजे आत्महत्येचा धोका. जुगाराचा विकार असलेल्यांत आत्महत्येचे विचार सर्वसामान्यांपेक्षा बरेच जास्त आढळतात, विशेषतः कर्ज उघडकीला येण्याच्या सुमारास. आपल्या भागात शेतकरी आत्महत्यांचे दुःख घराघराला माहीत आहे आणि बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी फवारणीचे औषध हाताशी असते. तणावाचा तीव्र क्षण अनेकदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळेत घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचू शकतो. म्हणून घरात असा पेशंट असेल तर कीटकनाशके आजच कुलूपबंद करा किंवा नातेवाइकांकडे हलवा आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवा.

लगेच मदत घेण्याची लक्षणे

• ‘माझ्यामुळे सगळे संपले’, ‘मी नसलेलाच बरा’ असे बोलणे
• अचानक कागदपत्रे आवरणे, निरोपासारखे बोलणे
• रात्रभर जागणे, जेवण सोडणे, माणसांना टाळणे
• कर्जवसुलीवाल्यांचे फोन सुरू होणे आणि त्यानंतर एकदम गप्प होणे

अशा वेळी माणसाला एकटे सोडू नका. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. विषारी औषध घेतल्याची शंका असेल तर घरगुती उपाय न करता १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाचा डबा सोबत न्या.

घरच्यांनी काय करावे?

• आधी बोला, मग हिशोब मागा. पहिल्या दिवशी रागावून आकडा विचारला तर खरा आकडा मिळत नाही. ‘किती गेले ते आपण मिळून पाहू, पण आधी तू आमच्यासोबत राहा’ एवढे म्हणणे पुरेसे आहे.
• कर्जाची पूर्ण यादी लिहून काढा. बँक, सोसायटी, बचत गट, मायक्रोफायनान्स, सावकार, मित्र, कर्ज देणारी अॅप. एकही नाव सुटू नये, कारण लपवलेले एक कर्ज पुन्हा खेळायला लावते.
• पैशांचा ताबा काही महिन्यांसाठी दुसऱ्याकडे द्या. चुकारे पत्नीच्या किंवा आईच्या खात्यात, यूपीआयची मर्यादा कमीत कमी, खर्चाला रोजचे ठरलेले पैसे. ही शिक्षा नव्हे. मोडलेल्या पायाला प्लास्टर असते तसे हे आहे. पेशंटच्या संमतीने करा.
• दागिने, सातबारा, चेकबुक सुरक्षित ठेवा.
• गेमची अॅप, ग्रुप आणि लिंक काढून टाका. अनोळखी एपीके फाइल टाकलेली असेल तर बँकेचा पासवर्ड आणि पिन बदला. अशी अॅप मेसेज वाचू शकतात.

काय करू नये?

• सगळे कर्ज एकदम, गुपचूप फेडू नका. उपचाराशिवाय फेडलेले कर्ज मेंदूला ‘पुन्हा मोकळे झालो’ असा संदेश देते. कर्जफेडीचे हप्ते ठरवा आणि त्यासोबत उपचार सुरू ठेवा.
• देवाची शपथ घालून विषय संपला असे मानू नका. शपथ मोडली की पेशंट लपवायला लागतो.
• ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला ऐकू नका. आजार तसाच राहतो, भोगणारे एक माणूस वाढते.
• चारचौघांत अपमान, मारहाण करू नका.

उपचार कसे होतात?

पहिल्या भेटीत डॉक्टर खेळाचा इतिहास, कर्ज, झोप, मनःस्थिती, दारू-तंबाखू, इतर औषधे आणि आत्महत्येचे विचार यांबद्दल विचारतात. शक्य असल्यास बँकेचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट सोबत न्या. पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने डॉक्टरांवर घातले आहे.

उपचाराचा मुख्य भाग समुपदेशन आणि वर्तन-विचार उपचारपद्धतीचा असतो. त्यात तीन गोष्टींवर काम होते. पहिली, ‘आता लागणारच’ यासारख्या चुकीच्या विचारांची तपासणी. दुसरी, खेळण्याची इच्छा कधी होते ते ओळखणे: एकटेपणा, रात्रीची वेळ, खात्यात पैसे आल्याचा मेसेज, भांडण. तिसरी, ती इच्छा आली की काय करायचे याचा सराव. इच्छेची लाट बहुधा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्याकडे देणे, बाहेर पडणे, ठरलेल्या माणसाला फोन करणे, हे उपाय साधे असले तरी उपयोगी पडतात.

केवळ जुगारासाठीचे असे खास औषध नाही. नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यावर औषधे दिली जातात. काही पेशंटमध्ये ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन वापरले जाते. ते देण्याआधी यकृताची तपासणी आणि इतर औषधांची चौकशी आवश्यक असते. मेडिकलमधून स्वतःहून काहीही घेऊ नका.

मध्येच एकदा पाय घसरला, पुन्हा खेळणे झाले, तर उपचार वाया गेले असे नाही. मधुमेहात साखर एखादे वेळी वाढते तसे हे आहे. डॉक्टरांना सांगा, कारण शोधा, पुढे चला. किमान एक पूर्ण हंगाम, म्हणजे पुढचे चुकारे येऊन जाईपर्यंत, पैशांची व्यवस्था आणि भेटी सुरू ठेवाव्यात, असा आमचा सल्ला असतो. खरी परीक्षा तेव्हाच असते.

मदत कुठे मिळेल?

• टेली-मानस: १४४१६. केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा, २४ तास, मराठीतून बोलता येते.
• यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, मानसोपचार विभाग.
• राज्य आरोग्य विभागाची १०४ ही आरोग्य सल्ला सेवा. गावातील आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही पुढचा मार्ग मिळतो.
• पैशांची फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे गेम आता कायदेशीर आहेत का?
नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैसे हाताळणे यांवर त्यात बंदी आहे. असे खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, त्यामुळे उपचारासाठी येताना घाबरू नका. या खेळांत देशातील सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २०,००० कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता.

बंदी आहे, मग गेम उघडतो कसा?
परदेशातून चालवल्या जाणाऱ्या साइट नाव बदलून पुन्हा येतात. पैसे अनोळखी व्यक्तींच्या खात्यांत जमा करायला सांगितले जाते. अशा खात्यांशी व्यवहार झाल्यामुळे सायबर तपासात तुमचे स्वतःचे खातेही गोठवले जाऊ शकते.

खात्यात जिंकलेले दोन लाख दिसतात, पण काढण्यासाठी आधी वीस हजार ‘टॅक्स’ भरा म्हणतात. भरू का?
एक रुपयाही भरू नका. पडद्यावरचा आकडा म्हणजे पैसे नव्हेत. हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर फोन करा.

माझा मुलगा पैसे न लावता, फक्त नाण्यांवर खेळतो. चालेल का?
तातडीचा धोका नाही, पण चांगलेही नाही. खेळाची चाल आणि मेंदूची सवय तीच लागते. मुलांच्या मोबाइलवरून असे गेम काढून टाका आणि का काढले तेही सांगा. वरचा हजार रुपयांचा हिशोब त्याला कागदावर करायला लावा. दहावीच्या मुलाला तो सहज जमतो.

गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी एकदाच, शेवटचे खेळू दे म्हणतो. द्यावे का?
देऊ नये. गेमला तुमचा मागचा तोटा माहीत नसतो, त्यामुळे तो भरून देण्याचा प्रश्नच येत नाही. पुढचा प्रत्येक स्पिनही त्याच ५ टक्क्यांच्या किंवा त्याहून वाईट गणिताचा असतो. गेलेले पैसे गेले, असे मान्य करणे हे उपचारातले सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी पाऊल आहे. त्या दिवशी पेशंट घरी बसून एकटा नसावा, एवढे कुटुंबाने पाहावे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि औषधोपचारासाठी आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.)